आज मी उद्देशिकेतला एक शब्द गाळला

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहिते.

आमच्या अंबरपेठच्या मराठी मंडळात प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदनानंतर संविधानाची उद्देशिका मराठीतून वाचतात. परराज्यात वाढल्यामुळे माझ्या वयाच्या इथल्या बऱ्याच जणांना मराठी वाचता येत नाही. मला बाबांनी घरीच शिकवलं, तेही याच उद्देशिकेवरून. त्यामुळे हे काम दरवर्षी माझ्याकडे.

आज माईक देताना सेक्रेटरीकाका हळूच म्हणाले, "बेटा, ते 'धर्मनिरपेक्ष' तेवढं गाळ. पाहुण्यांना आवडत नाही."

"काका, संविधान आहे ते. मंडळाची पत्रिका नाही."

"मग राहू दे वाचन. सणाच्या दिवशी परेशानी नक्को."

आणि मी तो शब्द गाळला.

पहिल्या रांगेत बाबा नेहमीसारखे माझ्याबरोबर ओठ हलवत होते. त्या शब्दाशी ते थांबले. पुढे त्यांचे ओठ हललेच नाहीत.

टाळ्या झाल्या. जिलेबी वाटली गेली.

काकांचा राग आहेच, स्वतःचा त्याहून जास्त येतोय. पुढच्या वर्षी ते कोणता शब्द गाळायला सांगतील? इतकी माणसं ऐकत होती. कुणालाच कळलं नाही, की कळूनही सगळे गप्प बसले?

तुम्ही असता तर उठून बोलला असता का? मी तर उभीच होते, आणि माईकही माझ्याच हातात होता.