फेरीत नसलेली गल्ली

तीन वर्षं मी वाशीमच्या लोकांना वाशीम दाखवत होतो. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सातला पंधरा-वीस माणसं जमायची. आम्ही त्याला हेरिटेज वॉक म्हणायचो, आई ‘तुही फेरी’ म्हणायची. एरवी मी सरकारी कचेरीतला कारकून. पण वत्सगुल्म हे गावाचं जुनं नाव, वाकाटक राजे, तळ्याचे घाट, देवळांचे खांब असं बोलत चालायला लागलो की लोक मला ‘सर’ म्हणायचे आणि ते मला आवडायचं.

फेरी एका जुन्या बांधीव विहिरीपाशी संपायची. तिच्या पायऱ्या, कोनाडे, दगडाची घडाई यांवर मी दहा मिनिटं बोलायचो आणि मग सगळ्यांना उजवीकडं चहाच्या टपरीवर न्यायचो. डावीकडची गल्ली आमच्या बौद्ध वस्तीत जाते. माझं घर त्याच गल्लीत आहे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

एका रविवारी आई म्हणाली, “तू लोकायले काय दाखवून राह्यला, मले बी पाहू दे.”

“लई चालावं लागते. तुहे गुडघे…”

“जलमभर लोकायच्या वावरात राबली मी. तू मले चालाचं शिकवतं काय?”

ती आली. डोक्यावर पदर घेऊन सगळ्यांच्या मागून चालली. ती माझी आई आहे हेही मी कुणाला सांगितलं नाही. विहिरीपाशी माझं नेहमीचं बोलणं झालं, तेव्हा अनसिंगहून येणाऱ्या एका शिक्षिकेनं हात दाखवून विचारलं, “सर, या गल्लीत काय आहे?”

“तिकडं काही नाही,” मी म्हणालो.

इतक्या सहज बोललो की माझा मीच दचकलो. आईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आम्ही टपरीकडं वळलो आणि ती एकटीच डावीकडं निघून गेली.

दुपारी जेवताना मी विचारलं, “कशी वाटली फेरी?”

“बोलतं चांगला. पन त्या इहिरीचं अर्धंच सांगतलं.” भाजी वाढून ती पुढं म्हणाली, “आपल्या लोकायले तिथं उतरू देत नव्हते. माही सासू घागर घेऊन वर उभी राहे. कोनाले दया आली तं वरून पानी वतत. मंग आपल्या लोकायनं इथं सोताची इहीर खंदली. तुहे बाबा तवा तिच्या पोटात होते.”

विटाळाच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या होत्या. पण त्या कोणत्या विहिरीच्या, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

तो महिना वाईट गेला. कचेरीत एकच पत्र दोनदा टाइप केलं, साहेबांची बोलणी खाल्ली. संध्याकाळी घरात बसवत नसे. आमच्या वस्तीतली विहीर आता सिमेंटच्या झाकणाखाली आहे. त्या झाकणावर गाड्या लावतात. कित्येक वर्षं मीही लावत आलो होतो. आता गाडी लावताना काहीतरी तुडवतोय असं वाटायला लागलं.

पुढच्या फेरीत मी त्या बांधीव विहिरीचं उरलेलं अर्धंही सांगितलं. नेहमी येणारे एक निवृत्त अधिकारी म्हणाले, “अहो, सकाळ छान चालली होती. हे आता कशाला?”

“इथंच झालं म्हणून,” मी म्हणालो.

ते चहाला गेले. त्यांच्याबरोबर आणखी पाच-सहा जण गेले. उरलेल्यांना म्हटलं, “चला, माझं घर इकडं आहे.”

आदल्या रात्री आईला सांगून ठेवलं होतं, ती झाकणापाशी उभीच होती. शेजाऱ्यांकडून तिनं गाड्या हलवून घेतल्या होत्या. सासूकडून ऐकलेलं ती सांगायला लागली. कोणी सुरुंग लावले, कोणत्या बायांनी टोपल्यांनी माती वाहिली, पाणी लागलं तेव्हा गूळ कसा वाटला. “आन् धम्म घेतला तवा घरातले देव बी याच इहिरीत सोडले,” ती म्हणाली.

शिक्षिकेनं हळूच विचारलं, “अजून खाली आहेत ते?”

“असतीन. मी काई उतरून पाह्यलं नाई.”

सगळे हसले. दोघा-तिघांनी तिचे फोटो काढले आणि माझं डोकं तापलं. माझं घर, माझी आई, आणि लोक खांबांचे काढतात तसे फोटो! सगळे गेल्यावर मी चिडचिड केली.

“काढले तं काढू दे,” आई म्हणाली. “मी काय झिजली? पन तू लोकायले घाई काहून करत होता?”

हलकं वाटेल असं मी धरून चाललो होतो, तसं काही झालं नाही.

त्याच्या पुढच्या वेळी चहाला पांगणारे आणखी वाढले. आईला सांगितलं तर म्हणाली, “आखरीले ठेवलं तं लोक थकतेतच. आंधी इथंच आन.”

आता फेरी आमच्या गल्लीतून निघते. माणसं कमी येतात. निवृत्त साहेब बाजारात भेटले की तुरीच्या भावाबद्दल बोलतात, फेरीचं नाव काढत नाहीत. शिक्षिका मात्र एकही रविवार चुकवत नाहीत, त्यांनी आणखी दोघींना आणलंय. आईचे गुडघे दुखत असले की मीच सांगतो आणि ती दारातून माझ्या चुका काढते. मी अडखळतो, लोक हसतात, मीही हसतो. पण गल्ली संपून मोठा रस्ता लागेपर्यंत माझ्या चालण्याचा वेग वाढलेलाच असतो, आणि मागून कुणीतरी म्हणतं, “सर, जरा हळू.”