काळी विभूती

"गणित शिकवायला देव बदलावा लागत न्हाई, अप्पा."

महादेवी हे एकदा दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर बोलली होती. गुरुपादप्पांना तेव्हा पोरीचा अभिमान वाटला होता. पुढं याच वाक्यानं त्यांची पाच वर्षांची झोप खाल्ली.

उदगीरच्या मोंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं कापडाचं दुकान, आणि दुकानामागंच घर. बायको नागम्मा गेली तेव्हा महादेवी नऊ वर्षांची. घरात दोनच माणसं उरली, आणि त्या दोघांना बांधून ठेवणारी एक गोष्ट उरली, ती म्हणजे सकाळची लिंगपूजा. अंघोळी झाल्या की गुरुपादप्पा दोन चटया शेजारी शेजारी टाकायचे. गळ्यातल्या डबीतून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढायची आणि गप्प बसायचं. लिंग हातावर असेतो बोलायचं नाही, पूजा झाल्याशिवाय तोंडात घोटभर चहासुद्धा घ्यायचा नाही. बापलेकीचं खरं बोलणं त्या मुकेपणातच व्हायचं.

अठराव्या वर्षी लग्न झालं आणि चौदा महिन्यांत नवरा काविळीनं गेला. महादेवी परत आली, तेव्हा गुरुपादप्पांनी पुन्हा दोन चटया टाकल्या. वर्ष सरल्यावर तिला नांदेडला कॉलेजात पाठवलं.

"विधवा पोरीला गणित शिकवून काय करून राहिलास रे?" बसलिंगप्पानं विचारलं. हा तीन घरं सोडून राहणारा अडत्या, लहानपणचा दोस्त, मठाच्या कमिटीतला. रोज सकाळी फुकट पेपर वाचायला आणि सल्ला द्यायला यायचा.

"तुझ्या मापातलं पाप मोजायला," गुरुपादप्पा म्हणाले.

बहात्तरच्या दुष्काळात महादेवी नांदेडच्या एका शाळेत शिकवत होती. सुट्टीत ती सिस्टर फिलोमिनाबरोबर उमरीकडं रस्त्याच्या कामावर जायची. सिस्टर केरळची नन, नांदेडात छोटा दवाखाना चालवायची, आणि त्या वर्षी कामावरच्या पोरांना दूध आणि खिचडी वाटायची. आभाळ घासून ठेवलेल्या परातीसारखं कोरडं. बाया खडी फोडायच्या, त्यांच्या पोरी बाभळीखाली बसून असायच्या. महादेवीनं त्या पोरींना त्याच खडीनं बेरीज शिकवली, मग वजाबाकी. भागाकारापर्यंत येईतो एकीची आई हातोडी खाली ठेवून मागं येऊन बसली होती.

सिस्टरनं ते पाहिलं. काही महिन्यांनी ती सांगू लागली, की टांझानियात, कोरड्या माळावर, त्यांच्या नन्सच्या संघाचं मुलींचं हायस्कूल आहे. दोन वर्षं तिथं गणिताला कुणी नाही. पगार मिळणार नाही, राहणं-जेवण तेवढं मिळेल.

"तुमच्या इतक्या सिस्टर हायत की," महादेवी म्हणाली.

"प्रार्थना करणाऱ्या पुष्कळ आहेत. बीजगणित येणारी एक पण नाही."

म्हणून ती दुकानात येऊन ते वाक्य बोलली. बसलिंगप्पा गिऱ्हाइकांत बसलेला होताच. "आज फळ्यावर आकडे काढंल, उद्या गळ्यात क्रूस घालंल. लिहून घे माझं," तो म्हणाला. गुरुपादप्पांनी लिहून घेतलं नाही. चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये त्यांनी पितळी डबीत कपिलधारची विभूती भरून दिली आणि लेकीला नांदेडच्या स्टेशनावर गाडीत बसवलं.

पहिली तीन वर्षं पत्रांची गेली. गुरुपादप्पा निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेले. तिकडच्या भाषेत पुस्तकाला 'किताबू' म्हणतात, साबणाला 'साबुनी', दुकानाला 'दुका', आणि गणिताला 'हेसाबू', हे पत्रात वाचून ते गल्ल्यावर एकटेच हसले. समुद्रापलीकडं, कुठल्या तरी लाल मातीच्या माळावर, आपल्या तालुक्याच्या बाजारातले शब्द फिरतात, ही गोष्ट त्यांनी आठवडाभर दिसेल त्याला सांगितली. दर सहा महिन्यांनी ते विभूतीच्या गोळ्या जाड मांजरपाटात बांधायचे, चारी बाजूंनी स्वतः शिवायचे आणि पोस्टात टाकायचे. दोन वर्षांची बोली संपली. पोरींची परीक्षा मध्येच आली म्हणून तिनं आणखी एक वर्ष मागितलं. त्यांनी दिलं.

मग सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात एक फोटो आला.

चर्चच्या आत शाळेच्या मुलींची रांग होती. रांगेच्या शेवटी महादेवी, पांढऱ्या साडीत, मान खाली घातलेली. समोर झग्यातला पाद्री, आणि त्याचा अंगठा तिच्या कपाळावर. फोटोमागं तिचं अक्षर: 'आज इथं सगळ्यांनी कपाळाला राख लावली. तीन वर्षांत पहिल्यांदा मला एकटं वाटलं नाही.'

दुसऱ्या कुणी तो फोटो पाहिला असता तर कदाचित काही वाटलं नसतं. पण लिंगायताच्या घरात गुरू स्वतःच्या हातानं कपाळाला विभूती लावतो, तळहातावर लिंग ठेवतो, आणि माणूस त्याचा होतो. यालाच दीक्षा म्हणतात. गुरुपादप्पांनी पोरीची दीक्षा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. मान अशीच खाली होती. अंगठा असाच टेकला होता.

बसलिंगप्पानं चष्मा वर सारला, फोटो उजेडात धरला. यावेळी टोमणा मारला नाही, हेच वाईट झालं. "गुरुपाद," तो हळू म्हणाला, "ही दीक्षाच झाली की रे."

त्यानंतर गुरुपादप्पांनी पत्र लिहिलं नाही. तिची पत्रं येत राहिली. ती त्यांनी उघडली नाहीत. खाली महादेवीच्या जागी मारिया असं काही नाव दिसेल, याची त्यांना भीती होती. पोस्टमन पत्र द्यायचा, ते पत्र्याच्या पेटीत ठेवायचे, पेटीवर कापडाचा तागा ठेवायचे. माणूस विहिरीवर झाकण टाकतो, तसं. पण आतलं पाणी झाकणानं आटत नाही.

ब्याऐंशीच्या नोव्हेंबरात ती तीन महिन्यांच्या रजेवर आली. ऑगस्टात लातूर जिल्हा झाला होता, अन् गावोगाव पाट्यांवरचं उस्मानाबाद खोडून लातूर लिहिणं चाललं होतं. महादेवी बसमधून उतरली तेव्हा कानाजवळचे केस पांढरे झालेले. बापाच्या पाया पडली. साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला. गळ्यात काय आहे, ते दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गुरुपादप्पांनी एकच चटई टाकली.

ती अंघोळ करून आली, चटई पाहिली, क्षणभर दारात उभी राहिली आणि मागच्या खोलीत गेली. दार लोटल्याचा आवाज आला. रोज ती तोंड धुऊनच बाहेर यायची. आत ती काय करते, हे त्यांनी विचारलं नाही. तीही सांगायला आली नाही. विचारायचं ते विचारून उत्तर नको ते आलं तर, या एका 'तर'वर बाप महिनाभर बसून राहिला. दोघं ताटावर ज्वारीच्या भावाचं बोलायची, पाण्याचं बोलायची. भांडण झालं असतं तर बरं, असं घर झालं होतं.

महिन्यानं एकदा जेवताना ती म्हणाली, "अप्पा, पासपोर्टची मुदत संपत आली. नवा काढायचा तर पोलीस चौकशीला येत्याल."

"परत जाणार?"

"फेब्रुवारीत शेवटच्या वर्गाला बीजगणित हाय. दुसरं कुणी न्हाई." मग थोडं थांबून, "तुम्ही नको म्हणा, तर ऱ्हाते."

गुरुपादप्पांनी ताटातली भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. नको म्हणायचा हक्क आपण पाच वर्षांपूर्वीच गमावला, असं त्यांना वाटलं. जा म्हणायचं तर कुठल्या पोरीला म्हणायचं, आपल्या की परक्या, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

नको आलं नाही, म्हणून तिनं अर्ज टाकला. आठ दिवसांनी, सकाळी सातलाच हवालदार व्यंकटी सायकल लावून आला. बसलिंगप्पा पेपर घेऊन बसलेला होता.

"अप्पा, पोरीच्या पासपोर्टची इन्क्वायरी," व्यंकटी म्हणाला. कागद मांडीवर घेतला, वर छापलेलं उस्मानाबाद काट मारून खोडलं आणि खाली मोठ्या अक्षरात लातूर लिहिलं. "नवे फारम अजून आले न्हाईत. साहेब म्हणत्यात, खोडून चालवा. शेजारच्या दोन इसमांच्या सह्या पायजेत."

"एक माझी घे," बसलिंगप्पा म्हणाला. "पण धर्माच्या रकान्यात खरं लिही. खोट्यावर मी सही करत न्हाई. मठाच्या कमिटीत हाय मी."

व्यंकटीनं पेन उचललं आणि गुरुपादप्पांकडं पाहिलं. "काय लिहू, अप्पा?"

पाच वर्षं जो प्रश्न त्यांनी पेटीत कोंडला होता, तो आता सरकारी कागदावर बापाच्या तोंडून उत्तर मागत होता. चुकीचं लिहिलं तर देवाशी खोटं, खरं लिहिलं तर पोर गेली.

"बाईस्नी बोलवा की, त्याच सांगत्याल," व्यंकटी म्हणाला.

गुरुपादप्पा उठले. मागच्या खोलीचं दार नीट लागलेलं नव्हतं.

महादेवी दाराकडं तोंड करून चटईवर बसली होती. डावा हात छातीसमोर, आणि तळहातावर लिंग. तेच लिंग, एका कडेला बारीक टवका उडालेलं. आठ वर्षांची असताना पायरीवर पडलं होतं. डोळे मिटलेले. समोर पितळी डबी उघडी होती. डबीत विभूती होती, पण पांढरी नव्हती. चुलीतल्या काजळीसारखी काळपट राख होती. आणि तिच्या कपाळावर तीच, तीन काळ्या रेघा.

लिंग हातावर असताना बोलायचं नसतं. तिनं डोळे उघडले, बापाकडं पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतले.

गुरुपादप्पा पावलं न वाजवता मागं फिरले. दुकानात जाऊन त्यांनी पेटीवरचा तागा खाली टाकला आणि सगळ्यात तळाचं पत्र काढलं. बाहेर बसलिंगप्पा व्यंकटीला नव्या कलेक्टरचा बंगला कुठं होणार ते सांगत होता. त्यांनी पाकीट फोडलं.

'अप्पा, फोटो मिळाला असेल. इथं त्यांच्या उपवासाचे दिवस सुरू होतात तेव्हा एका बुधवारी फादर सगळ्यांच्या कपाळाला राख लावतात. मी रोज लावते ते पोरी बघतात. म्हणाल्या, टीचर, तुम्ही रोज एकट्या लावता, आज तरी आमच्या रांगेत या. गेले. तुमचं पार्सल अजून आलं नाही, डबी तळाला गेली. ताडाची पानं जाळून केलेली राख उरली होती, ती फादरांना मागून ठेवून घेतली आहे. आपल्या विभूतीसारखी नाही, काळी आहे. चालेल का? तुम्ही म्हणाल तसं करीन. तुमची महादेवी.'

खाली तारीख होती. पाच वर्षांपूर्वीची. पोरीनं विचारलं होतं, आणि बाप उत्तर द्यायचा राहिला होता. पाच वर्षं ती काळी राख कपाळाला लावून उत्तराची वाट पाहत होती.

त्यांनी पत्र खिशात ठेवलं, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि बाहेर आले.

"लिही," ते व्यंकटीला म्हणाले. "लिंगायत."

बसलिंगप्पानं पेपर खाली घेतला. "गुरुपाद, कागद सरकारी हाय. त्यो फोटो..."

"फोटो मी बी बघितला, तू बी बघितला. पोरीला कुणी विचारलं? आत्ता तिच्या हातावर लिंग हाय. बघायचं तर जा, पण पायतान काढून जा."

बसलिंगप्पा उठला नाही. बराच वेळ पेपरची घडी घालत राहिला, ती काही नीट बसेना. मग म्हणाला, "पाच वर्षं मी तुझ्याकडं चहा पीत होतो, अन् तू मला एकदा बी म्हणला न्हाईस की पत्र उघडू."

"तू बी म्हणला न्हाईस."

"हाव," बसलिंगप्पा म्हणाला. "आण ते पेन."

त्यानं सही केली, ठसठशीत. खाली पत्ता लिहिताना सवयीनं जिल्हा उस्मानाबाद लिहिला. व्यंकटी कुरकुरला, आणि बसलिंगप्पानं तो स्वतःच खोडून लातूर केला. दुसरी सही व्यंकटीनं पलीकडच्या शिंप्याकडनं जाऊन आणली. "बाईस्नी आजच लातूरला पाठवा," व्यंकटी म्हणाला. "नवं हापिस हाय, साहेबांची सही लगेच होती. नवाची गाडी गाठली तर दुपारपर्यंत मोकळ्या."

महादेवी पूजा आटोपून बाहेर आली तेव्हा व्यंकटीचं ऐकून लातूरला जायला तयार होती. खांद्याला पिशवी, कपाळावर त्या काळ्या रेघा, आज न धुतलेल्या. तिनं तिघांकडं पाहिलं.

गुरुपादप्पा भिंतीतल्या देवळीतून पाच पुडकी घेऊन आले. मांजरपाटात बांधलेली, चारी बाजूंनी शिवलेली. दरवर्षी कपिलधारच्या जत्रेहून त्यांनी विभूती आणली होती, दरवर्षी शिवली होती, वर टांझानियाचा पत्ता घातला होता, आणि पोस्टापर्यंत जाऊन परत आणली होती. एकाचा टाका त्यांनी दातानं तोडला. बोटं पांढरी झाली.

"ती पुसू नको," ते म्हणाले. "तिनं सांभाळलं तुला."

आणि काळ्या रेघांच्या खाली त्यांनी तीन पांढऱ्या ओढल्या. एक वाकडी आली.

"उत्तर द्यायला उशीर झाला, पोरी," ते म्हणाले. "चालते, काळी बी चालते. जा तू. फेब्रुवारीत पोरी वाट बघत असतील. मी उद्यापास्नं दोन चटया टाकीन. तू गेल्यावर बी टाकीन."

महादेवीनं पाचही पुडकी घेतली, एक पिशवीत घातलं आणि चार बापाच्या हातात परत ठेवली, पोस्टानं पाठवायला. व्यंकटीच्या मांडीवरचा कागद उचलून घडी केली. वाकून बापाच्या पायांना हात लावला. मग उंबऱ्यात चपला घातल्या, पदर डोक्यावर घेतला, आणि लातूरची गाडी गाठायला उन्हात बाहेर पडली.