हौसेनं धावणाऱ्या नर्सबाई

थंडीवर इतका जीव असलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. आणि कुणी मागे लागलेलं नसताना, कुठे पोचायचंही नसताना, निव्वळ स्वतःच्या खुशीनं धावत सुटणारी बाई तर मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या शेजारच्या क्वार्टरमधल्या नर्सबाई. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी गडचिरोलीकडच्या धानोऱ्याच्या पुढे, डांबर संपून मुरमाचा रस्ता जंगलात शिरतो तिथल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवत होते. नवरा चंद्रपूरला नोकरीला, मी इथे, आणि मधल्या भिंतीपलीकडे त्या. वय पंचेचाळिशीचं, बुटक्या, अंगानं गोल, केसांचा बोराएवढा अंबाडा. धावण्याशी यांचा काही संबंध असेल असं सांगणारी एकही खूण त्यांच्या शरीरावर नव्हती. पण धान कापून झालं, शेतात पेंढ्यांची पुंजणी उभी राहिली आणि पहाटेचं दव छपरावरून टपटपायला लागलं, की नर्सबाईंच्या अंगात काहीतरी संचारत असे. उरलेले आठ महिने त्या या चार महिन्यांची वाट पाहत. मे महिन्यात ओल्या पंच्यानं डोकं बांधून बसलेल्या असताना त्या थंडीची आठवण अशी काढत, जशी दुसऱ्या बायका माहेरची काढतात.

त्यांचा धावण्याचा पोशाख पाहून पहिल्या हिवाळ्यात मी दार लावून हसले होते. दवाखान्याचीच पांढरी साडी, पण काष्टा मारून घोट्याच्या चांगली वर खोचलेली. त्यावर भावाचा जुना खाकी स्वेटर, त्यावर माकडटोपी, आणि पायात शाळेच्या पोरांचे पांढरे कॅनव्हासचे बूट, कारण बाजारात त्यांच्या मापाचे तेवढेच मिळत. या थाटात त्या फटफटलं की निघत, नाल्यावरच्या रपट्यापर्यंत, म्हणजे बुटक्या फरशीपुलापर्यंत जात आणि परत येत. चाल कशी म्हणाल, तर त्यांच्यापुढे बैलगाडी जात असेल तर ती पुढेच राहत असे. वेगाचं त्यांना काही नव्हतंच. गाडीवान वळून वळून बघायचा, आणि या त्याला हात करायच्या.

गावाची अडचण वेगळीच होती. नर्स धावते आहे म्हणजे कुणीतरी बाळंत होतं आहे, एवढंच गावाला ठाऊक. त्यामुळे त्या गावात आल्यावर पहिली दोन वर्षं त्या बाहेर पडल्या की शेकोट्यांवरची माणसं उठून उभी राहत. "बाई, कोणाची येळ आली?" असं जो तो विचारी. एकदा एक म्हातारबा, ज्याची सून आठव्या महिन्यात होती, तो काही न विचारताच त्यांच्या मागे धावत निघाला. अर्ध्या वाटेत त्याला धाप लागून तो मटकन खाली बसला. नर्सबाईंनी त्याची नाडी पाहिली, पाठ चोळली आणि विचारलं, "तुमी काऊन धावून राह्यले, बाबाजी?"

"तुमी धावून राह्यल्या म्हणून!" म्हातारबा म्हणाला. "सून कुठी हाय माही?"

"तुमची सून घरी हाय, चुलीपाशी. मी तं हौसेनं धावून राह्यली."

हौस हा शब्द म्हाताऱ्यानं तोंडात घोळवून पाहिला. लुगड्याची हौस असते, दागिन्याची असते. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईला गार वाऱ्यात पळायची हौस असते हे त्याला काही केल्या पटेना. संध्याकाळपर्यंत गावात बातमी झाली, की बाईंच्या डोक्यात थोडा फरक पडला आहे, पण सुई मात्र अजून चांगली टोचतात.

धुकं दाट असलं की अस्वलाची भीती. बोरीच्या झुडपांत ती हमखास असत, आणि अचानक समोर माणूस आलं की बिथरत. त्यावर उपाय म्हणून नर्सबाई धावताना ओरडत जात. गाणं त्यांना येत नसे. म्हणून त्या लसीकरणाची दवंडी देत. "बुधवारी ट्रिपलची सुई! पोरं घेऊन याऽऽ!" अस्वलांना काय समजायचं ते समजलं असेल, पण सरपणाला निघालेल्या तीन बाया ती दवंडी अर्धीच ऐकून सोमवारीच पोरं घेऊन दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसल्या. बाईंनी त्यांना गुळाचा कोरा चहा पाजून परत पाठवलं.

माझ्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या जरा आधी, माझं बाळ गेलं. मी बाळंतपणासाठी पंधरा दिवसांनी चंद्रपूरला जाणार होते, कळा आधीच सुरू झाल्या. दुपारची वेळ, बस सकाळी निघून गेलेली, जंगलखात्याच्या डेपोतली जीप साहेबांबरोबर बाहेर. नर्सबाईंनीच माझं बाळंतपण केलं. मुलगी होती. रडली नाही. बाईंनी तिला उलटं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडाला तोंड लावून फुंकलं. मी ते सगळं पडल्या पडल्या पाहत होते. बराच वेळ त्या थांबल्याच नाहीत. मग त्यांनी तिला फडक्यात गुंडाळलं आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

महिनाभर माहेरी राहून मी परतले तेव्हा मला गावातलं एकच माणूस नकोसं झालं होतं, आणि तेच भिंतीपलीकडे राहत होतं. त्यांचे ते आखूड बोटांचे हात दिसले तरी मी तोंड फिरवून घेई. शाळा सुटली की मी दार लावून घेई आणि घोंगडीत शिरे. स्वयंपाक करत नसे. त्या दाराशी लाखोळीची भाजी आणि भाकर ठेवून जात. मी ती शेजारच्या गाईला घाली. त्यांना ते दिसत असणार, कारण गाय त्यांच्याच अंगणात बांधलेली असे. तरी त्या रोज ठेवतच राहिल्या. मग एक दिवस उजाडताना दारावर धडाधडा थापा पडल्या.

"मास्तरीणबाई, उठ."

मी घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली.

"उठ म्हनतो ना. तिकडे भाकर खाऊन गाय फुगून राह्यली, इकडे तू वाळून राह्यली. चाल रपट्यापर्यंत."

मला इतका राग आला, की त्यांना दोन शब्द सुनवावेत म्हणून मी दार उघडलं. त्यांनी माझ्या हातात आपली दुसरी बुटांची जोडी दिली आणि चालू लागल्या. भांडायचं तर मागे जाणं भाग होतं. वाऱ्यानं कान कापले जात होते, धुक्यात दहा हातांपलीकडचा साग दिसत नव्हता, आणि समोर ती गोल पांढरी आकृती दुडदुडत चालली होती. केव्हातरी मीही धावायला लागले. ओरडायला तोंड उघडलं तर ओरडणं आलंच नाही, रडू आलं. महिनाभर अडकलेलं सगळं रडू त्या मुरमाच्या रस्त्यावर सांडत मी धावत होते. नर्सबाई थांबल्या. जवळ घेतील, डोक्यावरून हात फिरवतील असं वाटलं. त्यांनी फक्त माझ्याकडे नीट पाहिलं.

"येका टायमाले येकच काम करावं," त्या म्हणाल्या. "रडता रडता धावशीन तं बरगडीत कळ येईन. आधी रडून घे. मी थांबतो."

त्या खरंच थांबल्या. रपट्याच्या कठड्यावर बसून बुटातला खडा काढत राहिल्या. माझं झाल्यावर आम्ही परत आलो, आणि मी त्यांच्या चुलीपाशी बसून दोन भाकरी खाल्ल्या.

त्यानंतर मी रोज जाऊ लागले. दुःख कमी झालं असं नाही. पण सकाळची तेवढी घटका ते माझ्या मागे असे आणि मी जरा पुढे. एका सकाळी, नाल्याच्या पाण्यावरून वाफा निघत होत्या, तेव्हा मी अखेर विचारलं. "बाई, मी गडचिरोलीच्या मोठ्या दवाखान्यात असते तर ती वाचली असती का?"

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "मले नाई माहीत," त्या म्हणाल्या. "नाळेचे दोन येढे होते गळ्याले. तिथी डॉक्टर होता, मशीन होती. वाचलीबी असती. नसतीबी. मी रोज इचार करतो. मले नाई माहीत."

तोवर मला सगळ्यांनी समजावलं होतं, की जे झालं ते होणारच होतं. या एकट्या बाईनं तसं म्हटलं नाही. तिच्याही छातीवर तो दगड आहे, हे कळलं आणि माझा थोडा हलका झाला.

मग एकदा धीर करून मी दुसरंही विचारलं. गावात बोललं जाई, की मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं टाकलं, ते दुःख विसरायला बाई धावतात. मलाही आता ते खरं वाटू लागलं होतं. ऐकून त्या रस्त्यातच पोट धरून हसल्या. "नवऱ्यासाठी कोन धावते गं! बस आली तरी तो धावत नव्हता. मूल गावच्या ष्टँडावर दोनदा आमची बस सुटली त्याच्यापायी." मग डोळे पुसून म्हणाल्या, "दुःख झालं का मी झोपतो. गाढ झोपतो. खुशी असली तवा धावतो. थंडी पडली का मले लय खुशी होते, बस. त्याले कारन नाई."

माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात त्या मध्येच थांबू लागल्या. आधी बुटाची नाडी सुटे. मग तेंदूच्या झाडावर कुठलासा पक्षी दिसे. नाडी बांधलेलीच असे आणि पक्षी मला कधीच दिसला नाही. ओठ निळसर पडत. ते म्हणे थंडीनं. दुसऱ्याच्या डोळ्याची पापणी ओढून क्षणात रोग सांगणाऱ्या त्या बाईला आपलं काय बिघडलंय हे ठाऊक नसेल, असं होणं शक्य नव्हतं. मी हट्टानं त्यांना चंद्रपूरला डॉक्टरांकडे नेलं. लहानपणी सांधे सुजून ताप येई, त्यात हृदयाची झडप खराब झालेली. डॉक्टर म्हणाले, जिने चढायचे नाहीत.

"आमच्या गावात जिना हाय कुठी?" नर्सबाई आनंदानं म्हणाल्या.

"धावायचं तर मुळीच नाही," मी मध्येच बोलले. डॉक्टर चमकले. धावायचा प्रश्नच त्यांच्या मनात आला नव्हता. नर्सबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांची चुगली केली. परतीच्या बसमध्ये त्या धानोरा येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसल्या. नंतर त्या म्हणाल्याप्रमाणे गाढ झोपल्या. दोन दिवस दवाखाना सोडला तर बाहेर आल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा दार वाजलं. बाई घोंगडी पांघरून उभ्या. "मी चालत येतो. तू धाव." तो उरलेला हिवाळा असाच गेला. त्या हळूहळू रपट्यापर्यंत येत, कठड्यावर बसत, आणि मी पुढच्या वळणापर्यंत जाऊन यायचं. तिथून त्यांचा आरडाओरडा चाले. "कोपर आत! तोंड मिट! मेल्यावानी काऊन पळून राह्यली, जरा हास ना!" त्यांना तिथे बसवून आपण धावायचं याची मला लाज वाटे. पण मी थांबले तर त्या जास्त खचत, हेही दिसत होतं.

पुढच्या पावसाळ्यात माझी बदली चंद्रपूरला झाली, आणि थोड्याच दिवसांत त्या रजा घेऊन ब्रह्मपुरीकडे भावाच्या गावी गेल्या. शहरात मी धावणं सोडून दिलं. गल्ली अरुंद, सासूबाई जवळ राहायला आलेल्या, शेजारच्या खिडक्या सताड उघड्या. उद्यापासून जाऊ म्हणता म्हणता एक हिवाळा गेला आणि दुसरा आला. त्या जानेवारीत मी त्यांना भेटायला गेले. त्याच वर्षी वैशाखात, नको त्या ऋतूत, त्या गेल्या, त्यामुळे ती भेट शेवटची ठरली.

भावाच्या अंगणात खाटेवर उन्हात त्या पडल्या होत्या. पाय सुजलेले, गाल बसलेले, दोन उशांना टेकून. वहिनीनं माझ्यापुढे मुरमुरे ठेवले. गावाच्या, शाळेच्या गोष्टी झाल्या. मग त्यांनी अचानक विचारलं, "धावतेस?"

"हो," मी म्हणाले. "रोज."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग छातीकडे, मग पायांकडे, अगदी तपासणीला आलेल्या बाईकडे पाहावं तसं. "खोटं," त्या म्हणाल्या. त्यांना हसू आलं, त्यातच ढास लागली. वहिनी पाणी घेऊन धावली. ढास थांबल्यावर त्यांनी अंगणापलीकडे बोट दाखवलं. कापलेल्या धानाच्या बांध्या, मधून जाणारी धुरी, म्हणजे बांधावरची पायवाट, आणि टोकाला एक मोहाचं झाड. "तिथपर्यंत जाऊन ये. मी पायतो."

मी ठेवणीतली चांगली साडी नेसून गेले होते. भाऊ, वहिनी, कुंपणाशी उभ्या दोन शेजारणी, सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मी चपला खाटेखाली सारल्या, काष्टा मारला आणि निघाले. मागून शेजारणींचं हसणं ऐकू आलं, मग तेही मागे पडलं. मातीत अजून रात्रीचा गारठा होता, धानाची खुंटं तळव्यांना टोचत होती, दम तर पन्नास पावलांत संपला. तरी मी मोहापर्यंत गेले, खोडाला हात लावला आणि वळले. येताना कोपर आत घेतले, तोंड मिटून घेतलं. आणि कोणास ठाऊक कसं, का, मला आतून खूप बरं वाटलं.

अंगणात आले तर त्यांचा डोळा लागला होता. मान एका बाजूला कललेली, ऊन तोंडावर. त्यांनी मला कुठपर्यंत पाहिलं कुणास ठाऊक. वहिनी उठवायला पुढे झाली, तर मी तिला हातानं थांबवलं, आणि माझ्या श्वासाचा आवाज होऊ नये म्हणून जरा लांब, कुंपणापाशी जाऊन उभी राहिले.