वरळीच्या दगडातला बेडूक

परळची खोली आवरताना माळ्यावरून दगडांचं खोकं निघालं. ते माझं आणि दादाचं. लहानपणी आम्ही जाऊ तिथून दगड उचलून आणायचो. त्यात एक काळी, पातळ चीप होती. दादा वरळीला मावशीकडे राहायला गेला होता तेव्हा टेकडीच्या पायथ्याशी खोदकामाच्या ढिगात त्याला ती सापडली होती. तिच्यावर काडीसारख्या दोन बारीक रेघा, मध्येच दुमडलेल्या. आम्ही त्यांना चिमणीचे पाय म्हणायचो.

माझ्या मैत्रिणीच्या आत्या दादरला राहतात. कॉलेजात भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, आता ऐंशीच्या पुढे. मी आणि दादा ती चीप घेऊन त्यांच्याकडे गेलो. बाईंनी ती खिडकीशी नेली, भिंगाखाली कधी तिरकी, कधी सरळ धरून बराच वेळ पाहिली.

"हाडं आहेत, एवढं नक्की. कुणाची, ते आज नाही सांगणार. ठेवून जाल?"

मध्ये एकदा मी चौकशीला गेले, तर बाई सुईने दगडावरचा थर काढत बसलेल्या. हात थरथरतो म्हणून मनगट टॉवेलच्या घडीवर टेकवलेलं. कणभर भुगा सुटला की ब्रशने झटकायच्या, निरखून बघायच्या. थरथर वाढली की सुई खाली ठेवायची, चहा घ्यायचा, पुन्हा बसायचं. मला चहा विचारला आणि पुन्हा सुई उचलली.

मग त्यांचा फोन आला. "या दोघं. दादाला आणच."

भिंगातून पाहिलं तर पायांच्या वर नाजूक कणा आणि पसरट डोकं.

"बेडूक!" दादा ओरडलाच.

"बेडूकच," बाई हसल्या. "लाव्हाच्या दोन लोटांमध्ये बराच शांत काळ गेला. तेव्हा इथे तळं होतं, त्याच्या गाळात हा दबला. वरळीला असे पूर्वीही सापडलेत. पण डोक्यापासून पायापर्यंत इतका सलग मी तरी पहिल्यांदाच बघतेय."

"आणि आम्ही चिमणी समजत होतो, बाई," मी म्हणाले.

"नुसते पाय बघून मलाही ओळखता आलं नाही की! म्हणून तर सुई घेतली."

त्यांनी विचारलं, हा कॉलेजच्या संग्रहाला द्याल का? दादाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"देऊ की," तो म्हणाला.

बाईंनी लगेच कागद ओढला. "आता नोंदीसाठी नेमकी जागा सांगा. टेकडीच्या कुठल्या अंगाला?"

दादा डोळे मिटून आठवू लागला. बाई पेन्सिल धरून शांतपणे थांबल्या.