भर जानेवारीतला आंबा

जबलपूरहून बरगीला जाताना रस्त्यालगतच्या एका घरासमोर ती सुकवलेल्या आंब्याच्या फोडी विकते. नाव मी कधी विचारलं नाही. माहेर नागपूरकडचं, म्हणून माझ्याशी मराठीत बोलते. प्रत्येक फोड आधी उजेडात धरते आणि जरा काळी दिसली की स्वतःच खाऊन टाकते.

पहिल्या वर्षी तिनं फोडी मासळी वाळवायच्या जाळीवर पसरल्या. आंब्याला असा वास लागला की मी पुडी गाईलासुद्धा घातली नाही. गाव तर पोट धरून हसलं. तिनं मात्र काळ्या पत्र्याची पेटी केली, वर जुन्या खिडकीची काच बसवली आणि दमट हवा निघून जायला मागे भोकं पाडली.

परवा कडाक्याच्या थंडीत स्कूटर थांबवून मी खोचकपणे विचारलं, "यंदा मासळी नाही ना?"

"खाऊन तर पाहा भाऊ. काहून घाबरून राहिले?"

खाल्ली. थेट मे महिन्यातला आंबा! दुसरीला हात घालत मी म्हणालो, "मग ते हसणारे कुठे गेले?"

"तुमच्याच मागं टोपल्या घेऊन उभे आहेत. त्यांना माझ्या पेटीत पपया सुकवायच्या आहेत. सरका न जरा!"