मामांच्या कवितेतली गाळलेली वाट

कविता पायांनी करायची असते, हे अख्ख्या भोर तालुक्यात फक्त आमच्या मामांना ठाऊक होतं, आणि त्यापायी त्यांनी मला जितकं दमवलं तितकं बी.ए.च्या सगळ्या वर्षांनी मिळून दमवलं नाही. मामा हिर्डोशीकडच्या वाड्यावस्त्यांवर टपाल वाटायचे. एस.टी. दिवसातून एकदा, तीही तिच्या मनात आलं तर. त्यामुळे सगळा कारभार पायी. चालताना ओळ सुचायची आणि जिथं सुचली त्या जागेला चिकटून राहायची. एक ओढ्यात, दुसरी नाचणीच्या बांधावर. कागदावर अक्षर नाही. बसून म्हणा म्हटलं की मामा मुके. उठून दहा पावलं टाकली की सुरू. आईनं एकदा चहा पुढं ठेवून, 'दादा, बसून म्हन की,' म्हटलं, तर चुलीपुढच्या हातभर जागेत येरझाऱ्या घालत त्यांनी कविता पुरी केली. चहा निवून गेला. वाईट बातमीचं कार्ड असलं की मामा घरच्यांना आधी जेवून घ्यायला लावत आणि मग वाचून दाखवत. शेवटी असं झालं, की मामांनी सहज जरी 'जेवलात का?' विचारलं तरी बायका रडायला लागत.

त्यांची एक लांबलचक कविता होती. सात वर्षांची दोन पोरं, एक आपल्या वस्तीतलं, एक गावातलं, उडत्या चतुरामागं धावत विहिरीच्या वाटेला लागतात. तिथं कविता तुटायची. पुढच्या ओळीत एकदम खांद्यावर टपालाची पिशवी घेतलेला पन्नाशीचा माणूस. कारण त्या जागी मामा स्वतःच वाट सोडून शेतांतून मैलभर वळसा घालायचे. पोहऱ्याला हात लावला म्हणून लहानपणी मामांना त्या विहिरीवर गुरासारखं मारलं होतं, एवढं आईला माहीत होतं. बाकी तिनं विचारलं नव्हतं.

ते दिवस असे, की पुण्याकडं आमची पोरं विस्तवासारखं लिहू लागली होती. मी आमच्या बौद्धवाडीतला पहिला बी.ए. भोरात कविसंमेलन मीच भरवलं होतं आणि मामांची कविता पुरी ऐकवतो, असं चार मोठ्या माणसांना सांगून बसलो होतो. मामा ती जागा भरेनात. मग मीच दोन ओळी रचल्या. रक्त, आग, हजारो वर्षं, सगळं घातलं. त्या पाठ व्हाव्यात म्हणून आठ दिवस त्यांच्याबरोबर डोंगर तुडवला.

संमेलनात मामा मंचावर येरझाऱ्या घालत म्हणत होते, लोक डुलत होते. विहिरीची वाट आली आणि ते थांबले. मी खालून माझी ओळ सुचवली. परत सुचवली, तर ती शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेली. मामांनी जयभीम केला आणि खाली उतरले.

परतताना मी वाटभर बोललो. म्हटलं, नाक कापलंत माझं. मामा चालता चालता म्हणाले, "बीए सायेब, तुमची ओळ चांगली हाय. पर तिच्यात पोरगं न्हाई. नुसता मार हाय."

दहा पावलं टाकून मामाच पुढं म्हणाले,

"गावातल्या त्या पोराच्या बापानं मला धरून ठेवलं आन दोर मागितला. आनायला त्योच पळाला, माजा खेळगडी. मला वाटलं, झोका बांधायचा."

मी म्हटलं, मामा, हीच ओळ. ते म्हणाले, "व्हय. म्हनून तर म्हनवत न्हाई."

त्यानंतरही, नोकरी संपेपर्यंत, ते तो वळसा घालत राहिले. मी पुन्हा त्यांना आग्रह केला नाही. आता मामा नाहीत. ती ओळ मी कितीदा लिहायला घेतली. बाप कागदावर उतरतो, दोर उतरतो, मार तर न बोलावता येतो. झोका मिळणार म्हणून खुशीत उभं राहिलेलं ते पोरगं मात्र माझ्या हातून अजून उतरलेलं नाही.