तीन नंबरची कॉइल

हे लिहावं की नको, यात वर्ष गेलं. आमच्या धंद्यात भुतं नसतात. इंजिनाला पेट्रोल, हवा आणि ठिणगी मिळाली की ते चालतं, नाही मिळाली की बंद पडतं... यापलीकडे मी कधी कशावर विश्वास ठेवला नाही. ‘गाडीला नजर लागली’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांची मी तोंडावर टिंगल करायचो. आता करत नाही.

मी ग्वाल्हेरचा. पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आले. तलवारी केव्हाच गेल्या, माझ्या हातात नट-बोल्ट आवळायचे पाने आले. माधवगंजात माझं दोन गाड्यांपुरतं गॅरेज आहे. सगळे मला राजू म्हणतात.

श्रीकांतकाका आणि मालतीकाकू हे आमचे खासगी बाजार मोहल्ल्यातले जुने शेजारी. काका कॉलेजात शिकवायचे, रिटायर झाल्यावर दोघं हरिशंकरपुरमला राहायला गेले. मूलबाळ नाही. त्यांच्याकडे तीन सिलिंडरची एक छोटी गाडी होती आणि ती माझ्याशिवाय कुणाच्या हातात द्यायची नाही, असा काकांचा नेमच होता. पण गाडीची खरी नाडी कळायची ती काकूंना. मागच्या सीटवर विणकाम करत बसलेल्या असायच्या आणि मध्येच म्हणायच्या, “राजू, ही लंगडतेय रे.” बॉनेट उघडून बघावं तर खरंच एक सिलिंडर मिसिंग करत असायचा, नीट पेटत नसायचा. मी गमतीत म्हणायचो, काकू, गॅरेजला या, पार्टनर करतो.

गेल्या वर्षी खंडेनवमीला दुपारी बाराच्या सुमारास ते दोघं आले. काकूंच्या हृदयाचा त्रास वाढला होता, डॉक्टरांकडूनच येत होते. दम लागला तर तडक घेऊन या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि गाडी थडथडत होती. मी इंजिन चालू ठेवून एकेका कॉइलचं कनेक्टर काढून बघितलं. एकचं काढलं, इंजिन आणखी बसलं. दोनचं काढलं, तसंच. तीनचं काढलं... काहीच फरक नाही. म्हणजे तीन नंबरची कॉइल गेली होती. या गाड्यांत प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर एक कॉइल असते, तीच प्लगला ठिणगी देते. दहा नंबरच्या पान्याने एक बोल्ट काढायचा, जुनी उपटायची, नवी बसवायची. दहा मिनिटांचं काम.

नवी कॉइल माझ्या कपाटात होती, डब्यात पॅक.

पण पाने पाटावर होते. सकाळीच पूजा झाली होती. आमच्या घरात खंडेनवमीला हत्यारं पुजली की दसऱ्याची सकाळ होईपर्यंत उचलायची नाहीत. मी देव-देव करणारा नाही, पण हे एक आजोबांपासून चालत आलेलं, कधी मोडलं नव्हतं. काकांसारख्या शिकलेल्या माणसाला हे कारण सांगायची मला लाज वाटली. बाजूच्या गल्लीत दुसरा मिस्त्री होता, त्याचं दुकान उघडं होतं. त्याच्याकडे जा म्हणालो असतो तरी चाललं असतं. तेही माझ्या तोंडून निघालं नाही... आपलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात कशाला, हा माज. मी म्हणालो, “कॉइल स्टॉकमध्ये नाही काका. उद्या दुपारपर्यंत मागवतो. दोन सिलिंडरवर हळूहळू जाईल घरापर्यंत.”

काकूंनी काचेतून एकदा पाटाकडे बघितलं. ओळीने मांडलेले पाने, त्यावर कुंकू, झेंडूची फुलं. मग माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, “असू दे रे.”

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पहाटेच त्यांना दम लागला. गाडी दारात आहे म्हणून काका ॲम्ब्युलन्सला थांबले नाहीत. अर्ध्या रस्त्यात ती जळकी कॉइल शॉर्ट झाली, फ्यूज उडाला आणि गाडी जागच्या जागी बंद पडली. ऑटो मिळेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. काकू हॉस्पिटलच्या फाटकाशीच गेल्या. वेळेवर आल्या असत्या तर वाचल्या असत्या का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पण मला विचाराल तर, मी त्या दिवसापासून नीट जेवलेलो नाही.

तेराव्यानंतर मी गाडी ओढून गॅरेजला आणली. काका म्हणाले होते, करून ठेव, येतो. सकाळचे अकरा, लख्ख ऊन. फ्यूज बदलला, जळकी कॉइल काढून बाजूला ठेवली आणि गाडी शेडखाली घ्यायची म्हणून तसाच स्टार्टर मारला. दोन सिलिंडरवर थडथडेल हे गृहीत होतं.

ती थडथडली नाही.

एकदम मऊ, नव्या गाडीसारखी चालली. मी खाली उतरून बघितलं. तीन नंबरच्या जागी नुसतं भोक, कनेक्टर बाजूला लोंबतंय, कॉइल माझ्या बाकड्यावर. ठिणगी यायला वाटच नाही... आणि इंजिन तिन्ही सिलिंडरवर. एक नंबरचं कनेक्टर काढलं, इंजिन बसलं. परत लावलं, उठलं. म्हणजे कान फसवत नव्हते. बंद करून नवी कॉइल बसवली, बोल्ट आवळला, स्टार्ट केलं. आता ती लंगडू लागली! नवी काढली, परत मऊ. तीन वेळा केलं मी हे. भीती वाटली असं म्हणणं कमी आहे. मला वाटलं, काकू सांगतायत, आता नको तुझी कॉइल.

इंजिन चालू, कॉइल हातात, अशा अवस्थेत मी उभा असताना काका आले. त्यांनी कॉइलकडे बघितलं, मग बाकड्यावरच्या डब्याकडे. “मिळाली म्हणजे शेवटी,” ते म्हणाले.

हो म्हणायचं होतं. एका शब्दाचं काम होतं, आणि जन्मभर कुणाला कळलं नसतं. पण ते इंजिन कानाशी चालत होतं, ज्याला चालायचं काही कारण नव्हतं. मी म्हणालो, “काका, त्या दिवशीही होती. कपाटात होती. पाने पुजलेले होते म्हणून मी खोटं बोललो.”

शेवटचा शब्द संपला आणि इंजिनाने गचका खाल्ला. मग दुसरा. बॉनेट हलायला लागलं, टूल बॉक्समधले पाने वाजायला लागले... दोन सिलिंडरवर चालणारी गाडी जशी चालते तशी. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

काका अगदी शांतपणे म्हणाले, “मला माहीत होतं. ती घरी जाताना रस्त्यातच म्हणाली होती. ‘कॉइल आहे राजूकडे. आज त्याची हत्यारं उठायची नाहीत. तुम्ही दुसरीकडे जाऊन त्याला शर्मिंदा करू नका.’ मैं भी मान गया.” मग म्हणाले, “तू कधी सांगतोस, याचीच वाट बघत होतो.”

मी इंजिन बंद केलं आणि नवी कॉइल बसवली. या वेळी गाडी ठीक चालली. काका तिच्यात बसले आणि गेले. रागावले नाहीत, माफ केलं असंही म्हणाले नाहीत. त्यानंतर ते माझ्याकडे आले नाहीत. गाडी आता कुणाकडे दाखवतात, मी विचारलेलं नाही.

जुन्या मिस्त्रींना विचारून झालं. कुणी म्हणतं वायरिंगमध्ये लोच्या असेल, कुणी म्हणतं गरम कार्बनवर पेट्रोल पेटतं. मग नवी कॉइल लावल्यावर ती का लंगडली, असं विचारलं की चहा मागवतात.

परवा खंडेनवमी झाली. पाट मांडला, सगळी हत्यारं पुजली, फुलं वाहिली. फक्त दहा नंबरचा पाना पाटावर ठेवला नाही. तो दिवसभर माझ्या खिशात होता.